लॉकच्या वरचं पाणी

१४ जून, शनिवार
ज्या कालव्यातून ना शेताला पाणी जातं ना माल, तो लोकांच्या पैशातून दुरुस्त का करायचा? अप्पांनी आज फोनवर विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. फोन ठेवून बराच वेळ झाला, अजूनही येत नाही.

अप्पा, म्हणजे माझे वडील, पाटकरी होते. जन्म गेला फलटणकडच्या कालव्यावर, पाळीचं पाणी सोडण्यात आणि चोरून टाकलेल्या मोटारी उचलून नेण्यात. मी त्यांना सांगत होते की इकडे आयर्लंडला, आमच्या नास गावच्या फाट्यावरचं लॉक गळतंय, लाकडी दारं कुजलीत, आणि ती बदलायची की नाही हे जलमार्ग कार्यालय हिवाळ्याआधी ठरवणार. लॉक म्हणजे काय तेही सांगितलं: पाण्याचा जिना, खालच्या पाण्यातून बोट वरच्या पाण्यात चढते. ते त्यांना लगेच कळलं. पण मग, "पिकतंय काय त्या पाण्यावर?"
"बोटी चालतात, अप्पा."
"किती?"
आकडा सांगायची सोय नव्हती. पाणगवत इतकं माजलंय की पंख्याला गुंडाळतं, म्हणून कुणी बोट हलवतच नाही.
मग अप्पा हळूच, "आन् तू त्या बोटीत ऱ्हातीस ते अतिक्रमण न्हाई ना गं?"
नाही. परवाना आहे. पण शब्द टोचला तो टोचलाच.

आईने गल्लीत सांगून ठेवलंय की मुलीने आयर्लंडला पाण्याकाठी घर घेतलं. काठी!

२६ जून, गुरुवार
चर्चच्या हॉलमध्ये सभा. कार्यालयाकडून एक बाई आली होती, फार गोड. "आम्हाला ही दारं बदलायला मनापासून आवडेल, पण." या 'पण'च्या पुढे अर्धा तास. सार एवढंच, की पैसा थोडा आणि फाटे बरेच. वापर जिथे दिसेल तिथे खर्च. सप्टेंबरपर्यंत लेखी म्हणणं द्या.

शेजारच्या बोटीतला नोएल, रिटायर्ड बस ड्रायव्हर, माझ्या कानाशी: "ती हसत हसत 'पण' म्हणाली ना, तिथेच पाणी गेलं बघ."

आमच्या बोटवाल्यांच्या संघटनेची सेक्रेटरी ब्रिजेट. तिने सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. "ही शिकलेली आहे, ही लिहील." गावी भावकीतले सगळे सरकारी अर्ज माझ्याकडेच यायचे, घरातली पहिली पदवीधर म्हणून. एवढ्या लांब येऊनही तेच काम. खरं सांगायचं तर छाती थोडी फुगलीच.

६ जुलै, रविवार
दिवसभर दाताळ्यांनी पाणगवत ओढलं. हात सोलले. एक पट्टा साफ केला आणि संध्याकाळी वाऱ्याने पलीकडचं सगळं गवत इकडे आणून टाकलं. नोएल म्हणाला, "ग्रँड. आता पलीकडचं साफ झालं." मी हसू शकले नाही. इथे कशालाही 'ग्रँड', झकास! लोक चिडत का नाहीत?

१७ जुलै
ऑफिसात लंचला 'वापर' या शब्दावर विचार. (कोड टेस्ट करायचा होता.) वापर दिसायला हवा म्हणजे माणसं दिसायला हवीत. माणसं कशी जमतात? जेवायला. हे तर आपल्याला जन्मापासून माहीत आहे.

इथल्या मराठी मंडळाचं श्रावणातलं वनभोजन दर वर्षी कुठल्या तरी बागेत असतं. या वेळी आमच्या बोटी असतात त्या नासच्या हार्बरवर का नको? केतकीताईला फोन केला. ती नासच्या हॉस्पिटलात डॉक्टर, मंडळात तिचा शब्द चालतो. "चालेल. पण पाऊस आला तर शिव्या तू खायच्यास."

१० ऑगस्ट, रविवार
पाऊस नाही! किती माणसं! डून लेरीहून, ब्युमॉन्टहून, कुठून कुठून. डार्ट लोकल, मग ट्रेन, मग सॅलिन्स स्टेशनवरून कुणाच्या तरी गाडीत कोंबून.

सगळ्या बोटी कुशीला कूस लावून घट्ट बांधल्या, मधे फळ्या टाकल्या, वरून झेंडूच्या माळा (कापडी). नोएलच्या बोटीत मिसळ, ब्रि.च्या बोटीत चहा, माझ्याकडे मठ्ठा. बोटीच बोटी, मांडवच झाला.

नागपूरहून लेकाकडे आलेले एक काका काठावर उभे राहून, "अहो, कॅनॉल कॅनॉल म्हणता, हा तर नाला आहे!" त्यांची सून शरमली. तासाभराने तेच काका माझ्या बोटीच्या टपावर मांडी घालून बसलेले, "झकास हो, बाप्पा. हवा काय लागते." केतकीताईचा अर्णव, "आई, इट्स ग्रँड, कॅन वी लिव्ह हिअर?" ती म्हणाली, "आधी प्लेट उचल."

नोएलने तर्री ओढली आणि त्याचं टक्कल लाल. ब्रि. मला कोपराने ढोसून, "युअर मॅन तिकडे बघ, रडतोय आणि वाढून घेतोय." (इथे 'युअर मॅन' म्हणजे नुसतं 'तो गडी'.)

सगळ्यांकडून सह्या घेतल्या. भरपूर फोटो. गावातले आयरिश लोकही थांबले, खाल्लं, सह्या केल्या. आज पहिल्यांदा वाटलं की आपण जिंकू शकतो.

२४ ऑगस्ट
लेखी म्हणणं पाठवलं. चार वेळा लिहून काढलं. फोटो जोडले. ब्रि. म्हणाली, वाचून डोळ्यांत पाणी आलं. अप्पांना वाचून दाखवलं, मराठी करत करत. ते म्हणाले, "अर्ज चांगलाय. साहेब काय म्हणतोय बघू."

१८ सप्टेंबर, गुरुवार
अहवाल आला. मुखपृष्ठावर माझा फोटो. म्हणजे मी काढलेला. माळा, प्लेटा, हसणारी माणसं.

आत: या फाट्याबद्दल स्थानिक रहिवाशांना, नव्याने आलेल्या समाजालाही, अतिशय जिव्हाळा असल्याचं दिसून आलं. हा वापर मुख्यतः काठावरचा आहे. म्हणून उपलब्ध निधीतून पायवाट, दिवे, बाक, सहलीसाठी टेबलं. लॉकची दारं: सध्या प्रतीक्षेत.

सगळे फोटो पुन्हा पाहिले. एकेक. एकाही फोटोत बोट चालत नाहीये. सगळ्या बांधलेल्या. घट्ट. मीच बांधायला लावल्या होत्या, मठ्ठा सांडू नये म्हणून. एवढी माणसं काठावर असताना एक बोट सोडावी, चार पोरांना लॉकमधून खाली नेऊन वर आणावं, हे आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही. सगळे वाढण्यात गुंग.

बोटवाल्यांसाठी भांडायला निघाले आणि कार्यालयाला सांगून आले की बोटी हलल्या नाहीत तरी मजा येते.

ब्रि. शांतपणे म्हणाली, "आपण त्यांना फार सुंदर पार्किंग दाखवलं."
नोएल हसत सुटला, खोकला येईपर्यंत. मला त्याला पाण्यात ढकलावंसं वाटलं.

१९ सप्टें.
कार्यालयाला फोन. ती गोड बाईच. "तुमच्या निवेदनाचा आम्हाला इतका उपयोग झाला!" मी म्हटलं, आम्ही लॉकसाठी लिहिलं होतं. "हो, आणि तो मुद्दा आम्ही नोंदवलाय."
तिच्यावर रागावताही येत नाही. तिच्याकडे एक रुपया आणि दहा हात पसरलेले. एवढं मला कळतं. कळून उपयोग

(इथे चार्जिंग संपलं होतं. पुढचं काय लिहिणार होते ते आठवत नाही.)

४ ऑक्टोबर, शनिवार
आता नोटीस. महिनाअखेरीला लॉकची दारं साखळीने बंद करणार, पुढील सूचना मिळेपर्यंत. वरच्या बोटींनी त्याआधी खाली उतरावं. जे वर राहतील ते आपल्या जबाबदारीवर. पाण्याची पातळी राखण्याची हमी नाही.

म्हणजे दारं गळत राहणार, पाणी उतरत जाणार, आणि कधीतरी माझं घर चिखलात टेकणार. एका अंगावर कलंडलेलं. भांड्यांसकट.

सोबत वेगळा मेल: शहरात कामाला जाणाऱ्यांसाठी डब्लिनमध्ये बोट बांधायच्या काही जागा आहेत, त्यातली एक मला देऊ शकतात. ऑफिसला चालत जाता येईल अशी. महिनाअखेरीपर्यंत कळवा.
नोएलला असा मेल नाही. तो कामाला कुठे जातो?

११ ऑक्टो.
बैठक ब्रि.च्या बोटीत. ती म्हणाली, हार्बर एकदा रिकामं झालं की संपलं. रिकाम्या हार्बरला लॉक कशाला हवं? पायवाट होईल, बाक होतील, लोक पाणगवताकडे बघत सँडविच खातील.
"म्हणजे कुणीतरी राहायला हवं," मी.
"कुणीतरी राहायला हवं," ती. मग खाली बघत, "मी नाही राहू शकत गं. माझी बोट जुनी, तळ पातळ झालाय, चिखलात बसली की फुटेल. हे बोलणं माझं काम आहे म्हणून बोलले."
कुणीच कुणाकडे बघेना.

२१ ऑक्टो., लक्ष्मीपूजन
केतकीताईकडे. चकल्या खुसखुशीत, मी कडू. तिला डब्लिनच्या जागेचं सांगितलं.
"मग अडलंय कुठे?"
सांगितलं कुठे अडलंय.
"हुतात्मा व्हायला तुला बोलावलंय का कुणी? एवढी शिकलीस ती चिखलात बसायला? तुझ्या आईबाबांनी काय पाहून पाठवलं तुला?"
मी म्हटलं, माझ्या फोटोंमुळे झालं हे.
"तुझ्या फोटोंमुळे काही झालं नाही. त्यांच्याकडे पैसे नव्हते. फोटो नसते तर दुसरं काहीतरी दाखवलं असतं. स्वतःला एवढी मोठी समजू नकोस."
तिचं बरोबर असेल. तरी राग आला. निघताना तिने फराळाचा डबा हातात कोंबला. मीही घेतला.

२५ ऑक्टो., शनिवार
आज बोटी उतरल्या. सकाळपासून मी लॉकवर, दारांच्या दांड्याला पाठ लावून ढकलत. दारं उघडताना कुजलेल्या फटींतून पाण्याच्या पिचकाऱ्या, सगळी भिजले. खालच्या बाजूला उतरलं की बोट केवढी लहान दिसते.

उन्हाळाभरात इथून गेल्या नसतील तेवढ्या बोटी एका दिवसात गेल्या. असा दिवस ऑगस्टमध्ये दिसायला हवा होता. सगळ्या एकाच दिशेने.

नोएल शेवटचा. तो बहिणीच्या गावाजवळ बोट लावणार. लॉकमध्ये पाणी उतरत होतं तसं त्याचं डोकं खाली खाली जात होतं, आणि तो ओरडून बोलत होता. "माझ्या गुडघ्यांनी हिवाळा काढला नसता! ऐकतेस ना? मी पळून नाही चाललो!"
"कोण म्हणतंय?"
"तू! तुझं तोंड म्हणतंय!"
खालचं दार उघडलं. तो मागे न बघता गेला. मी खालचं दार लावून घेतलं.

हार्बरमध्ये माझी एकच बोट. बदकांना जागाच जागा.

२९ ऑक्टो.
अप्पांना सगळं सांगितलं. एकटी राहिलेय तेही. 
मग म्हणाले, "कालव्याच्या हद्दीतल्या झोपड्या हटवायला आमाला जावं लागायचं. एकदा समदी उठली, एक म्हातारी न्हाई उठली. लई राग आला तिचा. सरळ काम वाकडं केलं तिनं."
"मग काय झालं तिचं?"
"माझी बदली झाली. म्होरलं ठाऊक न्हाई."
थोड्या वेळाने, "पाणी किती हाय गं बोटीखाली?"
सांगितलं. "उतरतंय रोज थोडं थोडं."
"हं."
रहा म्हणाले नाहीत. जा असंही म्हणाले नाहीत. मला दोन्हीपैकी एक हवं होतं. कुणीतरी सांगावं आणि मी तसं करावं, एवढी साधी इच्छा. पण या गोष्टीतलं काही घरात आधी कुणी केलेलंच नाही, तर सांगणार कोण.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार
सुट्टी घेतली. व्हॅनमधून एकच माणूस आला, नारिंगी जॅकेट, खांद्यावर साखळी. कंत्राटदाराचा. माझ्याकडे बघून, "हाय, कसं चाललंय?" मी, "ग्रँड." काय ग्रँड?

साखळी दारांच्या दांड्यांना गुंडाळली. कुलूप लावायच्या आधी त्याने विचारलं, "वर कुणी राहिलं नाही ना? सगळ्या बोटी खाली गेल्यात असं सांगितलंय मला."
"एक आहे."
"कुणाची?"
"माझी."
तो साखळी हातात धरून उभा राहिला. "तुम्हाला सांगितलं नाही का कुणी?"
"सांगितलं."
त्याने कार्यालयाला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग म्हणाला, "हे बघा, मला फक्त कुलूप लावायला पाठवलंय." चिडला नव्हता, माझ्यासाठी वाईट वाटल्यासारखा दिसत होता, तेच जास्त झोंबलं. मी म्हटलं, लावा. त्याने लावलं. जाताना दोनदा मागे वळून हार्बरकडे पाहिलं. बोट दिसते का ते बघत असावा. दिसते. एकटीच असल्यामुळे लांबूनही दिसते.

कार्यालयाकडून दिवसभरात फोन नाही, मेल नाही. पुढच्या आठवड्यात येईल. किंवा नाही येणार.

कालव्याचा उपयोग काय, ते मला अजून सांगता येत नाही. डब्लिनची जागा नको असं काल दुपारीच कळवून टाकलं, ऑफिसच्या जिन्यात उभं राहून, दोन ओळींत. आज व्हॅन गेल्यावर बोटीचे दोन्ही दोर हातभर सैल सोडले, पाणी उतरेल तशी ती सरळ खाली बसावी म्हणून.