खोपीजवळची तूर

कोळार, कार्तिक

सौ. नागूबाईस, कोळारहून तुळजारामकडून. मी धडधाकट हाय, जेवणाची आबाळ न्हाई. पोती उचलून पाठ धरती, तेवढंच.

तू शेजारच्या अनिलकुमारच्या हाती तुरीची फांदी धाडलीस. अशी हिरवी तूर गावात कुणाची न्हाई, म्हणून सांगायला लावलंस. ती फांदी मी शेतकी साहेबाला दाखवली. हा वांझ रोग हाय. झाड दाट वाढतं, हिरवं राहतं, पण फूल येत न्हाई. चार एकरांतून औंदा मूठभर दाणा घरात यायचा न्हाई.

साहेबानं इचारलं, मागच्या सालची तूर रानात उभी ठेवली का? मी व्हय म्हणलो. रोग त्या जुन्या झाडांवर जगतो. डोळ्याला दिसत न्हाईत असले किडे वाऱ्यासंगं तो नव्या पिकावर नेतात.

मागच्या येळवशीच्या अमावस्येला रान पुजताना आपल्या तेजश्रीनं खोपीजवळच्या पाच झाडांवर आंबिल शिंपडली. पुढल्याच महिन्यात ती तापानं गेली. कापणीला तू ती झाडं कापू दिली न्हाईस. उन्हाळाभर डोक्यावरून पाणी आणून जगवलीस. तवा मी गप बसलो. आता सांगतो, सगळं रान तू बुडवलंस. पोरगी त्या झाडांत न्हाई.

पाचही झाडं मुळासकट उपट अन् जाळ. दुसऱ्या कुणाला सांगू नको, तुझ्या हातानं उपट.

तुझा खोकला कमी हाय का? शेळी व्याली का?

मी आयतवारी येतो. तवर झाडं गेलेली असू दे. माझ्यानं ती उपटवणार न्हाईत.

तुळजाराम