जीपचा आवाज गेला तो दिवस

बुधवार, संध्याकाळ

आज जीप नव्या सायलेन्सरवर पहिल्यांदा येरवड्याला ऑफिसला नेली. बाबांची ही गंजलेली जीप मी स्वतः हात काळे करून उभी केली, आता रोज चालवते. आणि रोज खालच्या मजल्यावरचे सोहोनीकाका खिडकीतून म्हणतात, "निघाला रणगाडा!" म्हणून तर जुना, ठिगळं मारलेला सायलेन्सर काढून टाकला. सकाळी मांजरीसारखी निघाले. म्हटलं, आता बोला!

संध्याकाळी काका दारात. चेहरा उतरलेला.

"जीप विकलीत की काय?"

"नाही हो. सायलेन्सर बदलला. तुमच्यासाठीच."

"मग सांगायचं नाही का? तुमची जीप निघाली की मी बीपीची गोळी घेतो. आज राहिलीच. दुपारी गरगरलं, तेव्हा आठवलं."

"मोबाइलवर गजर लावून देऊ?"

"गजर बंद करून माणूस परत झोपतो. तुमची जीप आम्हाला बंद करता येत नाही." गॅलरीतल्या ठिगळांच्या सायलेन्सरकडे बघत म्हणाले, "तो भंगारात घालू नका."

मला वाईट वाटायला हवं होतं ना? वाटलंच थोडं. पण खरं सांगायचं तर छाती फुगली. एवढी जुनी गाडी, पण एक सकाळ चुकली नाही. उगाच का कोणी तिच्या भरवशावर गोळी घेईल?

ठिगळांचा सायलेन्सर आत्ताच परत चढवला. हात अजून काळेच आहेत. गाडी सुरू करून बघितली, तर खिडकीतून काका ओरडले, "अहो, आवाज किती!"