तीन इंच कमी

१२ जानेवारी

ती. वन्संना,

सा. न. वि. वि. देवाच्या कृपेने सगळे खुशाल, असं दर पत्रात लिहिते. आज खोटं लिहवत नाही.

तुमच्या लेकीच्या लग्नात सगळ्या बहिणींनी एकसारखा घालायचा म्हणून तुम्ही शिवलेला ड्रेस आला, त्याला पंधरा दिवस झाले. कापड सुरेख. पण ठकीच्या पाठीवरची चेन मध्यावरच अडली. तेव्हाच लिहिणार होते, पण पोरगी म्हणाली, राहू दे, बसेल. कसा बसवत होती ते काल कळलं. शाळेत प्रार्थनेला उभी असताना कोसळली. डबा रोज रिकामा यायचा म्हणून मी निश्चिंत, आणि तो जात होता बाकावरच्या शेजारणीच्या पोटात! डॉक्टरांनी तिच्या पापण्या खाली ओढून मला दाखवल्या. पांढऱ्याफटक. वर झापलं मलाच.

मागच्या खेपेला चार पाहुण्यांदेखत तिच्या दंडाला चिमटा काढून तुम्ही म्हणालात की हिला मोजायला दोन टेप जोडाव्या लागतील. सगळे हसले. तीही हसली, आणि मग मोरीत जाऊन किती वेळ बसली. बोलून भागलं नाही म्हणून आता ड्रेस मुद्दाम घट्ट शिवलात काय? पंधरा वर्षांच्या पोरीशी कसला हा दावा?

लोभ असावा असं शेवटी लिहायची रीत आहे. या खेपेला ती मोडते.

तुमची भावजय


१७ जानेवारी

सौ. भावजयबाईंस,

आशीर्वाद. पत्र पोचलं, त्यातलं विषही पोचलं.

तीस वर्षं शिवणाचं दुकान चालवते. घट्ट शिवून भाचीचा सूड घ्यायला मला दुसरे उद्योग नाहीत का? आलेल्या मापावर मी शिवलं. मापाची चिठ्ठी तुझ्या हातची आहे, सोबत परत पाठवते. चष्मा लावून वाच.

आणि तिच्या मनाचं तू मला शिकवू नकोस. सहावीपासून त्या मुलीला वाढत्या मापाचे कपडे कोण घालतं? खांदे कोपरापाशी, बाह्या बोटांवर. दोन वर्षांनी होईल, पाच वर्षं टिकेल! तोवर वर्गातल्या पोरी तिला गोणी म्हणतात, ठाऊक आहे? मला तिनेच सांगितलं, तुला नाही. आरशासमोर दोन मिनिटं उभी राहिली तर तू म्हणतेस, देवाने दिलेल्या रूपात बघायचं काय. अगं, एवढी पूजा करतेस, तर देवाने दिलेली पोर एकदा नीट बघ.

चिमटा मी कौतुकाने काढला होता. तुमच्या घरात कौतुक कळत नाही, त्याला माझा इलाज नाही.

लोभ राहो न राहो, पोरीच्या तब्येतीचं कळव.

वन्सं


२३ जानेवारी

ती. वन्संना,

नमस्कार. चिठ्ठी माझ्याच अक्षरातली आहे.

त्या दिवशी मी पोथी वाचायला बसले होते. टेप ठकीच्याच हातात होती. ती आकडे सांगत गेली आणि मी मान वर न करता कागदावर मांडत गेले. छाती, कंबर, दंड, सगळं तीन-तीन इंच कमी. विचारलं तेव्हा म्हणाली की खरं सांगितलं असतं तर आत्याने दुकानात मोठ्याने वाचलं असतं, आणि मी म्हटलं असतं, अगं बाई, पडद्याएवढं कापड लागणार. वन्सं, मी खरोखर तसंच म्हटलं असतं.

माझी चूक देवापुढे कबूल केली. तुमची तुम्ही कुणापुढे करणार ते तुम्ही बघा. चिमट्याला मी कौतुक म्हणणार नाही. ठकी लग्नाला येणार नाही, हे मी ठरवलं आहे. याउपर लिहू नये.

भावजय


२४ जानेवारी

प्रिय आत्या,

नमस्कार. आईची पत्रं टपालात मी टाकते, आणि तुझी पेटीतून मीच काढते. सगळी वाचली. बाजारात काट्यावर ठेवलेल्या भोपळ्यासारखं वाटलं. दोन गिऱ्हाइकं एकमेकींच्या झिंज्या उपटताहेत, भोपळ्याला कुणी विचारत नाही.

तीन इंच मी चोरले. वाटलं होतं, ड्रेस येईपर्यंत तेवढी होईन. झाले नाही, म्हणून डबा द्यायला लागले. चक्कर यायची तेव्हा उलट बरं वाटायचं, की जमतंय. हे डॉक्टरांनाही सांगितलं नाही.

काल जेवले. तुम्ही भांडलात म्हणून नाही, भूक लागली म्हणून. आज सकाळी पुन्हा घास फिरला. अर्धं खाल्लं.

ताईच्या लग्नाला मी येणार. आईला सांगितलं, ती अजून हो म्हणालेली नाही. माझ्याकडे बघून ताईने आजवर फक्त अभ्यासाचं विचारलंय, म्हणून येणार. शाळेचा गणवेश घालून येईन, वाढत्या मापाचा घेतलेला तोच आता मला बरोबर होतो.

पण एक अट आहे. दारात मला बघून किती वाळलीस म्हणालीस तर मी मागच्या मागे फिरेन. आता कशी छान दिसतेस म्हणालीस तरी फिरेन. आईलाही हेच बजावलंय. ती म्हणाली, मग माणसाने बोलायचं तरी काय?

अजून महिना आहे. दोघी मिळून शोधा.

ठकी