नोंदवहीची स्वच्छ प्रत

यावल,
सोमवार, दि. ३ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. गिरधर नानांस,
मोनालीचा शि. सा. न. वि. वि.

आपल्याला पत्र लिहिण्याचा आगाऊपणा करावा की नाही, या विचारात तीन दिवस गेले. त्याबद्दल आधीच क्षमा मागते. आपण मला शेवटचे पाहिलेत ते पियुषदादाच्या लग्नात, आणि तेव्हाही मी मांडवाच्या कोपऱ्यात पुस्तक उघडून बसले होते. आपल्या पुतणीची धाकटी, जीवरामांची मुलगी, असे सांगितले तर ओळख पटावी. फोन केला नाही, कारण आई म्हणते की तीस वर्षे पोलीस वायरलेसचे हेडफोन लावून आपले कान गेले. आणि दुसऱ्या कोणी आपल्या कानाशी मोठ्याने ओरडून सांगावी, अशी ही गोष्ट नाही.

गेल्या ऑगस्टपासून मी येथील सामुदायिक रेडिओ केंद्रात नोंदी आणि पत्रव्यवहार पाहते. माइकसमोर मी अजून एकदाही बसलेले नाही. ते काम शेवंताबाईंचे. सकाळी सहा ते नऊ त्या केळीबागेपासून बाळंतिणीच्या आहारापर्यंत सारे बोलतात, आणि वखारीत केळी धुणाऱ्या बायांचे हात पाण्यात व कान आमच्याकडे असतात. यंत्र सुरू-बंद करणे आणि त्याची नोंदवही लिहिणे, हेही केंद्र उघडल्यापासून त्याच करीत.

आता परवान्याचे नूतनीकरण आले आहे. कागदांची यादी तीन पानी आहे: संस्थेची नोंदणी, मनोऱ्याच्या उंचीचा दाखला, प्रक्षेपकाच्या शक्तीचे प्रमाणपत्र, तीन महिन्यांची ध्वनिमुद्रणे. एकेका ओळीवर मी बरोबरची खूण करत गेले आणि नोंदवहीपाशी हात थांबला. यंत्र रोज किती वाजता लागले, किती वाजता बंद झाले, मध्ये का थांबले, हे तिच्यात हवे. सोबत नोंदी ठेवणाऱ्याने सही करायची आहे: “ही मूळ नोंदवही असून प्रत्येक नोंद त्या त्या वेळी केलेली आहे.” २० फेब्रुवारीपर्यंत कागद टपालात पडले पाहिजेत.

नाना, ती मूळ नोंदवही नाही. शेवंताबाईंचे अक्षर वाकडे, पानांवर हळदीचे डाग, वेळा खोडून पुन्हा लिहिलेल्या. मला ते पाहवेना. ऑक्टोबरात मी नवी वही आणून सहाशे त्रेसष्ट दिवसांची स्वच्छ प्रत केली. एकही खाडाखोड नाही. त्यांच्या ६.०७ आणि ५.५२ या चुका समजून मी वेळापत्रकाप्रमाणे ६.०० केल्या. शेऱ्याच्या रकान्यात त्या काहीबाही लिहीत. तिथे मी सर्वत्र “नियमित” लिहिले. जुनी वही दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीत दिली. मला शाबासकीची अपेक्षा होती, हेही लपवत नाही.

संस्थेचे अध्यक्ष प्रेमराजभाऊ चांगले गृहस्थ आहेत. ते म्हणाले की वही सुंदर आहे, सही करून टाक, असली-नकली पाहायला कोण बसले आहे. सही न केल्यास परवाना अडेल आणि केंद्र बंद पडेल, हे मला कळते. केल्यास काय होईल, ते आपणच सांगू शकाल. आपण आयुष्यभर अशाच नोंदी ठेवल्या आहेत.

उत्तर पाठवण्याइतका लोभ माझ्या वाट्याला यावा.

आपली नम्र,
मोनाली


देवपूर, धुळे,
शुक्रवार, दि. ७ फेब्रुवारी २०२५

चि. मोनालीस,
गिरधरचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. पुस्तकवाली पोरगी मला चांगली आठवते. पंगतीत तुझ्या पानावर दोनदा जिलेबी वाढली तरी तुला पत्ता नव्हता. ती मी खाल्ली. सूनबाईने पत्रात काय आहे म्हणून तीनदा विचारले. मी ऐकू न आल्याचे सोंग केले. बहिरेपणाचे एवढे एक सुख.

आता कामाचे. तुझी वही कोणीही तपासनीस पाच मिनिटांत बाजूला ठेवेल. यावल तालुक्यात सहाशे त्रेसष्ट दिवस एकदाही वीज गेली नाही, असे तुझी वही म्हणते. बाई, हे तर वीज मंडळालाही पटायचे नाही.

आमच्याकडे नियम होता. चुकले तर एका रेघेने खोडायचे, खालचे वाचता आले पाहिजे, बाजूला सही आणि वेळ. रबर नाही, गिरवणे नाही, पान फाडणे तर नाहीच. खाडाखोड म्हणजे नोंद करणारा माणूस त्या वेळी खुर्चीत होता, याचा पुरावा. ती ६.०७ चूक नव्हती. सात मिनिटे उशिरा यंत्र लागले, एवढे खरे त्या वहीत होते. तू ते पुसलेस.

आणखी एक विचारतो. जुनी वही दिवाळीला गेली. मग दिवाळीनंतरच्या नोंदी कोणी केल्या, आणि कधी? तुझ्या पत्रात त्याबद्दल एक ओळ नाही. तुझ्या पत्रात खाडाखोडही नाही. म्हणजे आधी कच्चे लिहून मग पक्के पाठवलेस. पुढच्या वेळी मला कच्चे पाठव.

रद्दीवाल्याकडे जाऊन ये. सही तूर्त करू नकोस.

तब्येत सांभाळ. आशीर्वाद आहेत, ते मागावे लागत नाहीत.

गिरधर


यावल,
मंगळवार, दि. ११ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. नानांस,
मोनालीचा शि. सा. न. वि. वि.

आपले पत्र काल मिळाले आणि तेव्हापासून मी एका जागी बसलेले नाही. स्टुडिओतून कार्यालयात, कार्यालयातून गच्चीवर, मनोऱ्याच्या पायथ्याशी, पुन्हा खाली. आई म्हणाली, पायाला भिंगरी लागली का. कच्चे पाठवण्याचे धैर्य अजून होत नाही. हेही दुसऱ्यांदा लिहिलेलेच आहे.

दिवाळीनंतरच्या नोंदी मी केल्या. दर शनिवारी, पुढच्या पूर्ण आठवड्याच्या, वेळापत्रक समोर ठेवून. शाळेत मी गृहपाठ नेहमी आधीच करून ठेवीत असे. जे अजून घडलेच नाही त्याच्यापुढे मी “नियमित” लिहीत होते, आणि ते खोटे आहे, हे आपण विचारीपर्यंत खरेच माझ्या मनात आले नव्हते. यापेक्षा लाजिरवाणे वाक्य मी आजवर लिहिलेले नाही.

सुगनचंदशेठच्या दुकानी जाऊन आले. आम्ही रद्दी त्यांनाच देतो. ते म्हणाले की त्यांच्याकडे कागद आठ दिवस टिकत नाही, पुड्या बांधून गावभर जातो. सरकारी आहे असे सांगितले असते तर जपून ठेवला असता, कारण सरकारी कागद कोणी ना कोणी परत मागायला येतोच. त्यांच्या पत्नी जतनबाईंनी मला पाणी दिले आणि पोतीही उपसून दाखवली. काही नाही.

मग मी शेवंताबाईंना सांगितले. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले की वीज गेली तेव्हा त्या रिकाम्या बसल्या नव्हत्या, वाती वळत होत्या, असे त्यांनी शेऱ्यात लिहिले होते. ते नव्या वहीत उतरवले ना? नाना, मला त्या ओळी पाठ आहेत. “लाइट ६.४० ले गेली, ७.१५ ले आली, मधी वाती केल्या.” “आज वादळ. मनोरा हालला. मी बी.” पाठ होत्या, तरी मी लिहिले “नियमित”.

काल समितीची बैठक झाली. मी प्रमाणपत्रावर सही करीत नाही हे पाहून प्रेमराजभाऊंनी मार्ग काढला आहे: शेवंताबाई फारशा शिकलेल्या नसल्याने त्यांनी नोंदी ठेवल्याच नव्हत्या, म्हणून मागाहून वही तयार करावी लागली, असे निवेदन द्यायचे. चूक अडाणीपणाची ठरेल, फसवणुकीची नाही. परवान्याचे कार्यालय ताकीद देऊन सोडील. त्यांना माइकवरून मात्र काही महिने दूर ठेवावे लागेल.

मी विरोध करीन म्हणून उठले आणि नेहमीप्रमाणे तोंडातून शब्द फुटला नाही. दारात शेवंताबाई उभ्या होत्या. त्यांनीच माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “माह्यावर टाक वं माय. मले कोन इचारनार हाये?”

निवेदनाचा मसुदा मलाच करायचा आहे. माझे मराठी चांगले आहे, असे सर्वांचे मत आहे. नऊ दिवस उरले. केंद्र वाचते, माझी नोकरी वाचते, त्या स्वतः तयार आहेत. मग माझे हात का चालत नाहीत, ते सांगावे.

रागावलात तरी पत्र थांबवू नये, एवढीच प्रार्थना.

आपली,
मोनाली


देवपूर, धुळे,
शुक्रवार, दि. १४ फेब्रुवारी २०२५

चि. मोनालीस,
आशीर्वाद.

हे पत्र स्पीड पोस्टाने टाकतो आहे. आज थट्टा नाही.

तो मसुदा करू नकोस. का, ते सांगतो. तुझ्या आजीलाही हे ठाऊक नव्हते, आणि माझ्या बायकोलाही नाही.

सदतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. ठाण्याचे नाव लिहीत नाही; माणसांचे लिहितो. बुराई नदीकाठच्या एका गावी हिलाल नावाचे पोलीस पाटील होते. पावसाळ्यात दुपारी पाणी चढताना पाहून ते चार कोस चिखल तुडवत चौकीवर आले आणि तीन चाळीसला संदेश लावला. माझ्या सेटवर कोणी नव्हते. मी बायकोला माहेरच्या गाडीत बसवून द्यायला स्टँडवर गेलो होतो. परत आलो तेव्हा चार वाजून पाच मिनिटे. त्यांचा आवाज अजून येत होता, बसलेला. पंचवीस मिनिटे ते हाका मारत होते.

माणसे वाचली. गुरे आणि सात घरे गेली. चौकशी लागली. मी त्या दिवसाचा नोंदीचा कागद काढला आणि नवा लिहिला. पहिली हाक चार पाच. ऑपरेटर हजर. एकही खाडाखोड नाही, अगदी तुझ्या वहीसारखा. साहेबांनी तो कागद सगळ्यांना दाखवला, नोंद अशी असावी म्हणून. हिलाल पाटील म्हणाले की त्यांनी तीन चाळीसपासून हाका मारल्या. त्यांच्याकडे कागद नव्हता. उशीर त्यांच्या माथी बसला, पाटीलकी गेली.

तुझी प्रत पकडली जाईल म्हणून मी तुला भीती घातली होती. खरे हे आहे की माझी पकडली गेली नाही, आणि वाटोळे त्यानेच केले.

नंतर एकदा ते शिंदखेड्याच्या स्टँडवर भेटले. राम राम केला, पोरंबाळं कशी आहेत विचारले, आणि जाताना म्हणाले, “जे व्हयनं ते व्हयनं, भाऊ.” त्यांना ठाऊक होते. मी गाडी लागली म्हणून निघून आलो. गाडी लागलेली नव्हती.

तुझी शेवंताबाई तयार आहे म्हणतेस. हिलाल पाटीलही भांडले नाहीत. जो भांडत नाही त्याच्याच नावावर खोटे लिहायला सोपे जाते.

काय करायचे ते ऐक. तीन महिन्यांची मुद्रणे तुमच्या संगणकावर आहेत. प्रत्येकीवर सुरू आणि बंद झाल्याची वेळ यंत्रानेच टाकलेली असते. ती तुझ्या अक्षराला भुलत नाही. त्यावरून जेवढे खरे मिळते तेवढे काढ. बाकीचे हरवले आहे, कोणी हरवले, कसे हरवले, ते लिही. खाली सही, तारीख, वेळ. परवाना राहील की जाईल, ते मला सांगता येत नाही. खोटे सांगून धीर देण्याचे माझे दिवस संपले.

हिलाल पाटलांचा मुलगा शिंदखेड्यात असतो. रविवारी जाणार आहे. सूनबाईला सांगितले, दवाखान्यात जातो.

उत्तराची वाट पाहतो.

गिरधर


यावल,
गुरुवार, दि. २० फेब्रुवारी २०२५

ती. स्व. नानांस,
मोनालीचा शि. सा. न. वि. वि.

हे कच्चेच आहे. पहिल्यांदा लिहिलेले, जसे आले तसे. पहिल्याच ओळीत “कच्चेच” दोनदा झाले ते खोडले आहे, आपल्याला दिसेलच.

सोमवारी आपले पत्र मिळाले. ते मी कोणाला दाखवलेले नाही आणि दाखवणार नाही. त्याच दुपारी शेवंताबाई आणि मी संगणकापुढे बसलो. एक्याण्णव दिवसांपैकी अडतीस दिवस यंत्र मध्ये थांबले होते. मी वेळ वाचे आणि त्या कारण सांगत: हा उंदराने वायर कुरतडली तो दिवस, हा वीज आली पण किल्ली सापडेना तो. बहुतेक वेळा त्यांचे बरोबर निघाले. तीन दिवसांचे त्यांना आठवेना. मी म्हटले, काहीतरी लिहू या. माझ्याच तोंडून, नाना. मग तिथे आम्ही “कारण आठवत नाही” असे लिहिले.

समितीपुढे मी उभी राहून वाचले. आवाज फुटत नव्हता, तेव्हा शेवंताबाई म्हणाल्या, माइक आहे असं समज. मला माइकचीच भीती वाटते, हे त्यांना ठाऊक नसावे. सगळे हसले, आणि त्या हसण्यात मी वाचून टाकले: मूळ नोंदवही शेवंताबाईंनी रोज नेमाने लिहिली होती, ती मी रद्दीत दिली, सोबतची वही मी वेळापत्रकावरून केलेली असून विश्वसनीय नाही, दिवाळीनंतरच्या नोंदी मी आगाऊ केल्या, केवळ जोडलेले एक्याण्णव दिवस यंत्राच्या वेळांवरून पडताळलेले आहेत. छापील प्रमाणपत्रावर सही केली नाही. तिथे “सोबतचे निवेदन पाहावे” असे लिहिले.

प्रेमराजभाऊंनी निवेदन हातात घेऊन पुन्हा वाचले. मग म्हणाले की सही माझी, जबाबदारी माझी. ते आडवे येणार नाहीत, पण केंद्र बंद पडले तर वखारीतल्या बायांना तोंडही मीच दाखवायचे. ते बरोबर आहे. काल मी वखारीवरून गेले तेव्हा रेडिओ चालू होता आणि माझ्याने तिथे थांबवेना.

नवी वही आता शेवंताबाईंच्या हाती आहे. आजचा शेरा त्यांनी मला न विचारता लिहिला: “६.०४ ले लागलं. मोनाली रडली. कारन म्हाइत हाये.” मी काही दुरुस्त केले नाही.

आपण रविवारी शिंदखेड्याला गेलात का? हिलाल पाटलांचा मुलगा काय म्हणाला? सांगावेसे वाटले तरच सांगा. उत्तर काहीही असले, तरी जिलेबीचे मी विसरलेले नाही. येईन तेव्हा वसूल करीन.

निवेदनाचे पाकीट आणि हे पत्र एकाच वेळी टपालखात्याच्या खिडकीत देते आहे. निवेदनावर आणि या पत्राखाली मी घरूनच ११.३० अशी वेळ घालून आणली होती, सवयीप्रमाणे आगाऊ. इथे रांग आहे. खिडकीशी पोचले तेव्हा घड्याळ पाहिले, ती दोन्हीकडे एका रेघेने खोडली आणि बाजूला सही केली. खालचे वाचता येते.

आपल्या लोभात मी आहे, असे धरूनच चालते.

आपली,
मोनाली

रवाना: यावल टपाल कार्यालय, गुरुवार, दि. २० फेब्रुवारी २०२५, सकाळी ११.३० (खोडले, मो. जी.) ११.४७.