अकराव्या दिवशी मागे घेतलेला जबाब

मी, मुक्ताबेन प्राणजीवन कंसारा, वय एकाहत्तर, राहणार जामनगर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने, माझ्या हाताने लिहीत आहे. याआधीची सगळी मृत्युपत्रं रद्द समजावीत.

१. राहतं घर माझ्या बांधणीच्या साड्यांच्या कमाईचं आहे. ते माझ्या मुलीची मुलगी धारिणी हिला द्यावं. मुलगा हितेन याचा त्यावर हक्क नाही. म्हातारीला चळ लागला होता, असं उद्या कोणी कोर्टात म्हणू नये म्हणून कारण लिहिते.

२००९ साली आमच्या पितळेच्या कारखान्यावर आणि घरावर आयकराची धाड पडली. माझ्या कपाटात, साड्यांखाली, भंगाराच्या रोखीच्या व्यवहारांची वही सापडली. अक्षर पतीचं होतं. ती तिथे आहे हे मला अधिकाऱ्यांच्या बरोबरच कळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पतीने मला स्वयंपाकघरात नेलं.

"वही तुझी म्हण. तुझा बांधणीचा धंदा आहेच, खपून जाईल. बाईमाणसाला कोण त्रास देतंय?"

हितेन दारात उभा होता. मला म्हणाला, "बा, एका सहीचा तर प्रश्न आहे."

वही माझी, त्यातले अठ्ठावन्न लाख मी लपवलेले, असा शपथेवर जबाब देऊन मी सही केली.

मग तो पैसा त्यांच्या नावावर फिरवला का, हे विचारायला अधिकारी माझ्यासाठी साड्यांच्या गाठी बांधणाऱ्या बायकांकडे गेले. त्यांतल्या जुबेदाबेन खत्रींना दिवसभर कचेरीत बसवून ठेवलं. त्या माझ्या दारी आल्या, आत काही आल्या नाहीत. म्हणाल्या, "मुक्ताबेन, आमच्या नावावर तुम्ही काय लिहून दिलंत?"

अकराव्या दिवशी मी प्रतिज्ञापत्र करून जबाब मागे घेतला आणि अक्षर तपासा म्हणून कळवलं. त्या दिवसापासून पती माझ्याशी बोलले नाहीत. आधीच्या अधिकाऱ्यांनी माझं मानलं नाही. सात वर्षांनी न्यायाधिकरणाने अक्षर तपासून घेतलं आणि सांगितलं, हिने वेळेत जबाब फिरवला, नुसत्या कबुलीखेरीज हिच्याविरुद्ध काही नाही. मी सुटले, वसुली पतीवर गेली. पुढल्या वर्षी ते वारले. सुनेचा फोन आला तेव्हा अंत्यविधी उरकला होता.

२. सोन्याच्या चार पाटल्या जुबेदाबेनना द्याव्यात. बँकेतली ठेव त्यांनी गाठी बांधणाऱ्या बायकांत वाटावी.

३. हितेनला काही नाही. बापावरच्या वसुलीविरुद्धचं अपील तो अजून लढवतो आहे. गेल्या महिन्यात आला, चहा घेतला.

"बा, एवढंच लिहून दे. पहिला जबाब खरा, मागे घेतलास तो रागात."

"आणि खोटी शपथ घेतली म्हणून मला धरलं तर?"

"या वयात तुला कोण धरतंय."

"कागद आण," मी म्हटलं. सोमवारी वकिलाकडून टाइप करून आणला. मी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि सही न करता परत दिला.

"मग अग्नी कोण देणार तुला?" तो म्हणाला.

४. अग्नी धारिणीने द्यावा. तिला विचारलं आहे, ती हो म्हणाली. हितेन आला तर अडवू नये, तो माझा मुलगा आहे. मात्र चितेवर ठेवेपर्यंत धारिणीने माझ्याजवळून हलू नये आणि माझ्या अंगठ्याला कोणाला शाई लावू देऊ नये.

मुक्ताबेन प्राणजीवन कंसारा
(सही)

मुक्ताबेनने आमच्यासमोर सही केली आणि आम्ही तिच्यासमोर:
१. डॉ. किरीट वसावडा (सही)
२. तरुलता माणेक, शेजारीण (सही)

जामनगर, ता. १४ फेब्रुवारी २०१९