वाफ न मोजलेली लाईन

साहेब,

आज सकाळी मी पूजेचं ताट परत पाठवलं. बॉयलर पेटवण्याची पूजा आटोपली आणि मंडळी नेहमीप्रमाणे नारळ घेऊन तुमच्या लाईनकडे निघाली. मी म्हटलं, नारळ देवापुढे फोडा, पाइपापुढे नको. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी या साखर कारखान्यात तुमचं अजून एवढं चालत होतं.

ही लाईन तुम्ही आखलीत तेव्हा मी नवा होतो. रस आटवणाऱ्या भांड्यांकडून कढत पाणी बॉयलरकडे परत न्यायचं होतं. मी कागद घेऊन तुमच्या टेबलापाशी उभा आहे. सांगतोय की साहेब, पुढे दाब उतरेल तशी यातल्या थोड्या पाण्याची वाफ होईल. वजनाला थोडी, पण जागा शेकडो पट घेईल. ती पाण्याला रेटेल, वेग वाढेल, दाब आणखी पडेल. नुसत्या पाण्याचा दाब किती पडतो ते काढून भागणार नाही, वाफेच्या प्रमाणात तो आकडा कितीतरी पट वाढवावा लागेल. पान लावता लावता तुम्ही म्हणालात, “पाण्याची लाईन हाय ना? मंग पाण्याचाच हिशोब कर. तुझ्या जाफराबादच्या शाळेत वाफ बी मोजायला शिकवतेत का?” भोवतीचे हसले. तुम्ही आकडा थोडा वर धरलात, त्याला सुरक्षितता म्हणालात, आणि पाइप अरुंदच ठेवलात.

पहिल्याच हंगामात पाण्याचे लोंढे वाफेपुढे पळत येऊन पाइप वळतो त्या कोपरावर आदळू लागले. खांब हलायचे. तुम्ही हिशोब पुन्हा मांडला नाहीत, नारळ मागवलात. दरवर्षी वॉल्व्ह उघडण्याआधी तो फोडायचा. आमचा फिटर म्हणायचा, “पाइपात म्हसोबा हाय. निवद कमी पडला की धडका देऊन राह्यला.” मग एका हंगामात कोपराचा जोड सुटला आणि त्याच फिटरची पाठ भाजून निघाली. तुम्ही अध्यक्षांना सांगितलंत, “नारळ फोडायची बी वाट न्हाई पाह्यली त्यानं. जल्दी केली.” त्याला तो हंगाम घरी बसवलं. मी रेणुकाईला नेमानं जाणारा माणूस. स्वतःच्या आळसापुढे देवाला उभं करणारा तुमच्याइतका हलका माणूस मी पुन्हा पाहिला नाही. अडाणी असतात तर कीव आली असती. तुम्हाला सगळं कळत होतं, फक्त मोजायचा कंटाळा होता.

यंदा कारभार माझ्याकडे आला. शेजारून रुंद लाईन टाकली. माझा आकडाही अंदाजच आहे. वाफ आणि पाणी एकत्र वाहू लागले की कुणाचंच गणित तंतोतंत बसत नाही. चुकला तर पुन्हा मांडीन. संचालक म्हणाले, जुनी राहू द्या, साहेबांची आठवण आहे. फिटर मागेच उभा होता. म्हणाला, “आठवण माझ्या पाठीवर हाय की.”

दुपारी जुनी लाईन कापली. कटर मीच हातात घेतला होता. तुकडे खाली पडत होते आणि मला फार बरं वाटत होतं. हे दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.