चौघांचं दुकान आणि विद्यापीठाचा अहवाल

खडकी, पुणे
४ ऑगस्ट २०२४

चि. दीपमाला हिस,
अ. आ. वि. वि.

फोनवर मला सुचत नाही, म्हणून कागद घेतला. तुझ्या विद्यापीठाचे फॉर्म भरून पाठवले. चार माणसं मिळून धंदा कसा सुरू करतात, हे शोधायला दोन-दोन शास्त्रं लागतात हे वाचून धसका बसला. आम्हाला आजवर फक्त चहा लागला. मी, नासिर, उत्तरेश्वर आणि शालनताई, चौघंही कारखान्यातून निवृत्त. बिबवेवाडीत मिक्सर-कुकर दुरुस्तीचं दुकान दसऱ्याला उघडायचं ठरलंय.

'तुमच्यात प्रमुख कोण' इथे मी नासिरचं नाव लिहिलं. कारखान्यात स्वतःचं नाव पुढे करणाऱ्याला कुणी डबा खायला सोबत घेत नसे. सातवी शिकलेल्या माणसाचं चुकलं असेल तर सांभाळून घे. दुकान राहून गेलं तर चौघं चार दिशांना जाऊ, ही धास्ती आहे. निवृत्त माणसं मग फक्त मयतीला भेटतात.

तुझ्या पत्राची वाट पाहणारा,
रंगूकाका

नागपूर
२ सप्टेंबर २०२४

ती. रंगूकाका यांस,
शि. सा. न. वि. वि.

अहवाल सोबत आहे. मनाला लावून घेऊ नका. चौघांनी प्रमुख म्हणून चार वेगळी नावं लिहिली, स्वतःचं कुणीच नाही. मानसशास्त्राच्या मॅडम म्हणतात, जबाबदारी कुणालाच नको आहे. अर्थशास्त्राचे सर म्हणतात, दुकान सहा महिने टिकायचं नाही. दोघांचं हे पहिलंच एकमत. मी म्हटलं, पुण्यात याला सभ्यपणा म्हणतात. सर म्हणाले, पुण्याबद्दल त्यांनी असं काही ऐकलेलं नाही.

माया आहे ती असू द्यावी.
दीपमाला

खडकी
१२ सप्टेंबर २०२४

चि. दीपमाला हिस,
अ. आ.

अहवाल गादीखाली ठेवलाय. तिघांना दाखवला नाही. दुकान बुडणार हे मला एकट्यालाच ठाऊक, त्यामुळे स्वस्थ बसवत नाही. सकाळी आठलाच मांडण्या रंगवायला जातो, तर नासिर आधीच हजर. शालनताई सोसायट्यांमधून फिरून बायकांना सांगून आल्या. उत्तरेश्वर जन्मभर भोंग्यानंतर कामावर आला, तो आता कुलूप उघडतो. बिचाऱ्यांना कल्पना नाही, म्हणून हा उत्साह.

काल नासिरनं सहज विचारलं, नाहीच चाललं दुकान तर तू काय करशील. मी म्हणालो, न चालायला काय झालं. तो घाईनं म्हणाला, तेच म्हणतो मी.

एवढं कर, या तिघांना अहवाल पाठवू नकोस.

तुझा,
रंगूकाका

नागपूर
२० सप्टेंबर २०२४

ती. रंगूकाका यांस,
शि. सा. न. वि. वि.

नियमाप्रमाणे अहवाल त्याच दिवशी चौघांनाही गेला. तुमचं पत्र यायच्या आत मला तीन फोन आले. प्रत्येकानं बजावलं, बाकीच्यांना पाठवू नकोस. नासिरचाचा म्हणाले, निदान रंगरावला तरी नको, तो काळजीनं जेवायचा नाही. तुम्हाला हे सांगणं नियमात बसत नाही, पण पुतणी म्हणून सांगते. सरांनाही सांगितलं. ते म्हणाले, हे भरायला फॉर्ममध्ये रकाना नाही.

काकूंना नमस्कार. असाच जीव लावत राहा.
दीपमाला

खडकी
११ ऑक्टोबर २०२४

चि. दीपमाला हिस,
अ. आ.

उद्या दुकान उघडतंय. तुझं पत्र वाचून तीन रात्री झोप नाही. मी कुणाला काही बोललो नाही. बोललो तर उद्यापासून सगळेच आरामात नऊला येतील.

आज दुकानात डबे उघडले तेव्हा नासिर माझ्याकडे निरखून पाहत होता. भूक नव्हती, तरी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. मग तो जेवायला लागला.

आशीर्वाद आहेतच.
रंगूकाका